येळवशीची भज्जी

भज्जी म्हटलं की पुण्याकडच्या पाहुण्यांना तळलेली भजी आठवतात. आमच्या लातूर-नांदेडकडची येळवशीची भज्जी निराळी. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात रब्बी उभी असते. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, चिंच, सारं एकत्र शिजवून बेसन लावायचं. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली ज्वारीची आंबिल. कडब्याच्या कोपीत पाच पांडव पुजायचे, मगच पंगत. बीदरकडे हीच ‘एळ्ळ अमावस्या’. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ.

या दिवशी लातूरची बाजारपेठ ओस पडते. शेत नसलेल्यालाही आग्रहानं बोलावतात. आम्ही शेत विकलं, त्या वर्षी मी घरातच बसलो होतो. ज्यानं ते घेतलं, तोच न्यायला आला. “चला मालक, भज्जी निवायली.” आमच्याच आंब्याखाली पाहुणा म्हणून जेवलो. आंबिल मात्र दोनदा मागून घेतली.