मन दुखते तेव्हा : समुपदेशन केंद्रात नेमके काय होते?

विहारात आरोग्य शिबिर असले की रक्तदाब आणि साखर तपासायला रांग लागते. त्या रांगेतली एखादी ताई आपल्याला बाजूला घेऊन हळूच विचारते, "रात्ररात्र झोप नाही, जीव घाबरतो, हे कुणाला दाखवायचं?" आणि लगेच म्हणते, "पण मला काही वेड लागलेलं नाही." या महिन्यात आपण त्या ताईच्या प्रश्नाचे उत्तर पाहू.

धम्म स्वीकारताना आपण गंडेदोरे आणि अंगात येणे मागे टाकले. तरीही मनाचे दुखणे आले की काही घरांत अजून गुपचूप 'बाहेरचे' बघितले जाते. काही घरांत "दारू पी, विसरून जा" असे सांगतात. ज्याने दुःखाचे कारण शोधायला शिकवले, त्या बुद्धाच्या अनुयायांना या दोन्ही वाटा शोभत नाहीत. मनाच्या दुखण्यालाही कारणे असतात आणि उपचारही असतात.

कोण काय करतो?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो गोळ्या लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, तो बोलण्यातून उपचार करतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. समुपदेशक, ज्याला आपण काउन्सेलर म्हणतो, ताणतणाव, घरातली भांडणे, दुःख अशा बाबतींत मदत करतो. "आपले शिक्षण काय, नोंदणी आहे का?" असे त्याला विचारायला लाजू नये. चांगला माणूस रागावत नाही.

पहिली भेट

एक उदाहरण घेऊ. समजा, चाळिशीचा एक दादा सफाई खात्यात कामाला आहे. वर्षभरापासून त्याला झोप नाही, कामावर जायला नको वाटते, घरी चिडचिड होते. पहिल्या भेटीत त्याला बरेच प्रश्न विचारले जातील : त्रास कधीपासून आहे, भूक कशी आहे, दारू किती घेतो, घरात कुणाला असा त्रास होता का, मरणाचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न ऐकून दचकू नये. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. रक्ततपासणी करायलाही सांगतील, कारण थायरॉइड बिघडले किंवा रक्त कमी असले तरी थकवा आणि उदासी येते.

मग दोघे मिळून ठरवतात की काय बदलायचे आहे. "बरे वाटावे" एवढे पुरेसे नसते. "रात्री सहा तास झोप यावी, मुलांवर हात उगारला जाऊ नये" असे ठरवले की पुढे फरक मोजता येतो.

पुढच्या भेटींत काय होते?

एक भेट साधारण ४५ मिनिटे ते तासभर चालते, बहुधा आठवड्यातून एकदा. सरकारी रुग्णालयात गर्दीमुळे वेळ कमी मिळतो आणि भेटी लांबतात. मनोविकारांवर अनेक पद्धती आहेत. त्यांतली एक १९६० च्या दशकात डॉ. ॲरन बेक यांनी विकसित केली. विचार, भावना आणि वागणे एकमेकांना कसे ओढतात, हे ती शोधते. तिच्या साधारण १२ ते २० भेटी होतात.

आपल्या दादाला वही दिली जाईल. मुकादम ओरडला, मनात आले "मी कुचकामी आहे", छाती भरून आली, घरी येऊन तो कुणाशीच बोलला नाही, असे तो लिहील. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगेल. मग प्रश्न येतो : कुचकामी असल्याचा पुरावा काय? वीस वर्षे गल्ली कुणी स्वच्छ ठेवली? मुलीला बारावीपर्यंत कुणी शिकवले? सोबत छोटे काम मिळते : रोज संध्याकाळी अर्धा तास चालणे, रविवारी विहारात जाणे. उदासीत "मन लागले की करीन" असे वाटते, पण बहुधा आधी करावे लागते, मग मन लागते.

समुपदेशक सल्ले देत बसत नाही. "बायकोला सोड" किंवा "नोकरी सोड" असे तो सांगणार नाही. निर्णय आपलाच असतो. पाच-सहा भेटींनंतरही फरक वाटत नसेल तर तसे स्पष्ट बोलावे. पद्धत बदलता येते, समुपदेशकही बदलता येतो.

अपमान खरा असतो तेव्हा

इथे एक गोष्ट आपण पक्की समजून घेऊ. संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर शोक आणि तडफड यांचा दुसरा बाण मनाला लागतो. उपचार या दुसऱ्या बाणावर काम करतो. पण मुकादमाने जातीवरून शिवी दिली असेल तर तो पहिला बाण खरा आहे, तो दादाच्या मनाचा खेळ नाही. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, युनियन आहे, संघटना आहे. दोन्ही कामे बरोबरीने करावीत. खचलेल्या माणसाला लढाही झेपत नाही.

"जात आता कुठे राहिली?" असे म्हणून समुपदेशकाने विषय उडवला, तर दुसरा शोधावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारात जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही.

बोललेले बाहेर जाते का?

वस्तीत भिंतीला भिंत लागून असते, म्हणून ही भीती खरी आहे. पण गुप्तता हा याच कायद्याने दिलेला हक्क आहे. अपवाद थोडे आहेत : जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समोर आले असेल. पहिल्याच भेटीत हे अपवाद विचारून घ्यावेत. समुपदेशक अंगलट करू लागला किंवा खडे-ताईत विकू लागला, तर तिथून उठून यावे.

कुठे जायचे?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. घरूनच बोलायचे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते.

कुणी "आता जगून काय करू" म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये, घरातले विषारी औषध दूर ठेवावे आणि लगेच १४४१६ किंवा ११२ ला फोन करावा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून तीही डॉक्टरांना विचारूनच सोडावी.

आपल्या पायावर उभे राहणे म्हणजे एकट्यानेच सोसणे नव्हे. पुढच्या शिबिरात त्या ताईने पुन्हा विचारले, तर १४४१६ हा आकडा कागदावर लिहून तिच्या हातात देऊ. गरज पडली तर पहिल्या भेटीला तिच्यासोबत जाऊ आणि बाहेरच्या बाकावर बसू.

नमो बुद्धाय, जय भीम!