दोन लिप्यांचं कार्ड

जुन्या पीसीच्या आठवणी निघाल्या की टर्बोचं बटण, कॅबिनेटचं कुलूप, सव्वापाच इंची फ्लॉपी यांची नावं आधी येतात. मला त्या सगळ्यांहून थोर वाटतं ते पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेचं, पडद्यावर आपल्या लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड. आणि त्याचं मोल जोखायला हुबळीच्या केशवापुरासारखी जागा नाही. इथल्या मराठी घरांत बोलणं एका भाषेत आणि दाराबाहेरची पाटी दुसऱ्या लिपीत, हे रोजचंच आहे. घरी मराठी बोलणारे आणि कानडीचे महाकवी झालेले द. रा. बेंद्रे शेजारच्या धारवाडचेच.

कार्डाचं मूळ कानपूरच्या आयआयटीत. तिथे १९८३ साली देवनागरी संगणक तयार झाला होता. त्या कामातले मोहन तांबे पुढे सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ची.

डॉसचा पडदा ८० रकान्यांचा, २५ ओळींचा. एका घरात एक इंग्रजी अक्षर. त्यात ‘क्ष्मी’ मावणार कुठे? जिस्टने चालू प्रोग्रॅमला हातच लावला नाही. मदरबोर्डावरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसलेलं हे कार्ड पडद्याकडे निघालेली अक्षरं वाटेत उचलायचं आणि काना-मात्रा, जोडाक्षरं जुळवून दाखवायचं. म्हणून इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टार, डीबेसमध्येही मराठी नावं भरता येत. कॅप्स लॉक दाबला की आपली लिपी, सोडला की इंग्रजी.

पण खरी करामत साठवणीत होती. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेतात क म्हणजे १७९ आणि ळ म्हणजे २१०, मग लिपी नागरी असो वा कानडी. इनस्क्रिप्ट कळफलकावरही दोन्ही लिप्यांचा क ‘के’च्याच बटणावर. तेव्हा कानडीत भरलेली यादी फक्त लिपी बदलून नागरीत वाचता यायची. पुन्हा टंकायला नको. हुबळीचंच कानडी नाव घ्या. फ्लॉपीवर ते अवघ्या ९ बाइटचं. कानडीत ब आणि ळ यांच्या पायाशी त्यांचीच जोड लोंबते. नागरी निवडली की तेच ९ बाइट ‘हुब्बळ्ळि’ होऊन उभे राहतात. मराठी माणसाची ‘हुबळी’ त्यातून निघत नाही, कारण यंत्र लिपी बदलतं, भाषा नव्हे. कानडीतला ऱ्हस्व ए नागरीत ‘ऎ’ असा अनोळखी दिसतो. तरी दोन शेजारी लिप्यांचा सांगाडा एकच आहे हे इतक्या रोकड्या रीतीने दुसऱ्या कुठल्या यंत्राने सामान्य कारकुनासमोर ठेवलं असेल, असं मला वाटत नाही.

विंडोज आली, अक्षरी पडदा गेला, कार्डाचं कामच उरलं नाही. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग दिला, पण आतली मांडणी इस्कीचीच घेतली. त्यामुळे आजही कानडी क किंवा ळ नागरीत आणायचा तर प्रोग्रॅमने त्याच्या संकेतातून ८९६ वजा करायचे. दोन्ही अक्षरं बरोबर आपल्या जागी येतात.