१०८ची गाडी : बालाघाट आणि शेजारचा गोंदिया

सुरुवात : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा, हैदराबाद, २००५. मध्य प्रदेशात २००९, महाराष्ट्रात २०१४. फोन मोफत.

गाडीत कोण : मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे पायलट (म्हणजे चालक) आणि ईएमटी, अर्थात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या गोंदियात मात्र डॉक्टरही. फरक लहान नाही.

दोन प्रकार :
- बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) : ऑक्सिजन, स्ट्रेचर, सक्शन, बाळंतपणाचं साहित्य.
- एएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट) : त्यावर व्हेंटिलेटर, हृदयाला विजेचा झटका देणारं डिफिब्रिलेटर.

जननी एक्सप्रेस : मध्य प्रदेशात गर्भवती, बाळंतिणी आणि आजारी नवजात बाळांसाठी वेगळी गाडी.

वाट : बालाघाटच्या बैहर, परसवाड्याकडे घाट आणि जंगल. पावसाळ्यात तर नालेही आडवे येतात.

फोन करताना : गावासोबत जवळची शाळा, पूल किंवा देऊळ सांगा, फोन चालू ठेवा.