मरून टोपी दिसली की कमांडो?

मरून बेरे घातलेल्या जवानाचा फोटो आला की खाली ‘पॅरा कमांडो’ लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पण भारतीय सेनेत टोपी, पंख आणि ‘बलिदान’ ही तीन चिन्हं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. छातीवरचे पंख प्रशिक्षणाचे: आग्र्याच्या पॅराशूट प्रशिक्षण शाळेत पाच उड्या, त्यांतली एक रात्री, पूर्ण केल्या की ते मिळतात. मरून बेरे हवाई छत्रीदलाचा; तिथले डॉक्टर, इंजिनिअर, तोफखान्याचे जवानही तो घालतात. ‘बलिदान’ मात्र फक्त स्पेशल फोर्सेसचं, म्हणजे खऱ्या पॅरा कमांडोंचं. खंजीर, पंख आणि देवनागरीतला तो एक शब्द उजव्या खिशावर, नावाच्या पट्टीखाली असतो. खांद्यावर ‘स्पेशल फोर्सेस’ ही अक्षरं वेगळी.

कुणी म्हणेल, उडी सगळेच मारतात, मग एवढी काटेकोर वाटणी कशाला? कारण उडी ही पोहोचण्याची रीत आहे, पुढचं काम वेगळं. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला उतरलेली २ पॅरा, म्हणजे मूळची ३ मराठा, तेव्हा छत्रीधारी पायदळ होती. तिचा पराक्रम त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. दुसरीकडे २१ मराठा १९९६ मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली, म्हणून ‘बलिदान’ तिचं. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर हेच ‘बलिदान’ चिन्ह दिसलं आणि आयसीसीने नियमावर बोट ठेवलं. वाद देशभक्तीवर रंगला; चिन्ह कुणाचं, हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला. पुढच्या फोटोखाली ‘कमांडो’ लिहिण्याआधी उजवा खिसा बघा.