पाण्याखालचं शरीर (भाग 6) : मनगटावरचा नायट्रोजनचा हिशेब

डाइव्ह कॉम्प्युटर स्वस्त असेल तर त्यातलं गणितही कच्चं असणार, असा समज नव्या डायव्हरांमध्ये फार पसरलेला आहे. तो खरा नाही. सर्वात कमी किमतीचं मनगटी यंत्र घ्या किंवा त्याच्या तिप्पट किमतीचं. नायट्रोजनच्या हिशेबासाठी डुबीत दोन्ही दोनच गोष्टी मोजतात, पाण्याचा दाब आणि वेळ. जास्तीचे पैसे लागतात ते रंगीत पडद्याला, टाकीतली हवा मनगटावर दाखवणाऱ्या ट्रान्समीटरला, होकायंत्राला आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीला. तुमच्या अंगात किती नायट्रोजन मुरला हा हिशेब त्या किमतीवर ठरत नाही. म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हा हिशेब कोणत्या पद्धतीने होतो आणि किती सावधपणे?

गेल्या भागात आपण जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या शेळ्यांवरच्या प्रयोगांपर्यंत आलो होतो. 1908 साली त्यांनी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले होते. आजचं जवळजवळ प्रत्येक यंत्र त्याच कल्पनेवर उभं आहे. कप्पा म्हणजे एखादा अवयव नव्हे. नायट्रोजन घेण्याचा आणि सोडण्याचा तो एक वेग आहे. मलमलीचं धोतर लगेच भिजतं आणि लगेच वाळतं, गोधडीला दोन्हीला वेळ लागतो, तसं हे आहे. कप्पा अर्धा भरायला जितकी मिनिटं लागतात तो त्याचा अर्धकाल. हॉल्डेन यांचे अर्धकाल 5 ते 75 मिनिटांचे होते. झुरिचचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी पुढे कप्पे 16 केले आणि अर्धकाल 4 ते 635 मिनिटांपर्यंत नेले. झेडएच-एल 16 या नावाने ओळखलं जाणारं हे गणित त्यांनी आकड्यांसकट पुस्तकात छापून खुलं केलं. कमी किमतीच्या यंत्रातही ते मिळू शकतं याचं श्रेय मी या मोकळेपणाला देतो.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. 30 मीटरवर एकूण दाब 4 बार. फुफ्फुसातल्या हवेतला नायट्रोजनचा दाब तिथे साधारण 3.1 बार होतो. जमिनीवर तो 0.75 असतो. 8 मिनिटं अर्धकाल असलेला कप्पा पहिल्या 8 मिनिटांत या दोहोंच्या मधोमध, म्हणजे 1.9 च्या आसपास पोचतो. 16 मिनिटांत उरलेल्या अंतराचं पुन्हा अर्धं कापून 2.5 वर. ब्यूलमान यांच्या मते हा कप्पा घेऊन थेट पृष्ठभागावर यायचं, तर जास्तीत जास्त सुमारे 2.5 बार चालतात. म्हणजे 30 मीटरवर या कप्प्याची मुदत 16 मिनिटांच्या आसपास संपते. 5 मिनिटांचा कप्पा यापेक्षा लवकर भरतो खरा, पण त्याला जवळजवळ 3 बारपर्यंत मुभा आहे, त्यामुळे अडवणारा तो नव्हे. कोणता कप्पा आधी हद्दीला टेकतो हे यंत्र दर काही सेकंदांनी तपासतं आणि उरलेली मिनिटं पडद्यावर दाखवतं. 18 मीटरवर आलात की मिनिटं भराभर वाढतात ती याचमुळे. छापील तक्त्यात ही सवलत नव्हती. सगळी डुबी सर्वात खोल जागी काढली असं धरूनच तो हिशेब चाले.

मात्र 2.5 बार ही सुरक्षिततेची भिंत नाही. त्या आकड्याच्या अलीकडेही काहींना बेंड्स, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याने होणारा आजार, झाले आहेत. म्हणून एरिक बेकर यांनी ग्रेडियंट फॅक्टरची पद्धत मांडली : ब्यूलमान यांनी दिलेल्या मुभेपैकी किती टक्के वापरायची हे डायव्हरने आधीच ठरवायचं. 85 टक्के ठेवले तर वरच्या उदाहरणातली 16 मिनिटं साधारण 12 वर येतात. तीच माणसं, तोच समुद्र, तेच गणित, आणि चार मिनिटांचा फरक! शिअरवॉटरच्या पेरेग्रिन या यंत्रात हे टक्के उघड दिसतात. त्याची मधली पातळी 40/85 आहे. पहिला आकडा खोल पाण्यातल्या थांब्यांसाठी, दुसरा पृष्ठभागासाठी. थांबे न घेता वर येणाऱ्या हौशी डायव्हरला महत्त्वाचा तो दुसरा.

सुंतोचं झूप नोवो आणि क्रेसीचं लिओनार्दो ही स्वस्तातली लोकप्रिय यंत्रं वेगळ्या घराण्यातली. त्यांत ब्रूस वींके यांच्या आरजीबीएम या बुडबुड्यांच्या सिद्धांताचं नाव असतं. पण आत पूर्ण बुडबुड्यांचं गणित नाही. हॉल्डेन पद्धतीचेच 9 कप्पे आहेत आणि एका दिवसात अनेक डुब्या, मधली कमी विश्रांती, सारखं वर-खाली करणं अशा वागण्यावर वेळ कापून घेणारे गुणक आहेत. पहिल्या डुबीत ही यंत्रं इतरांच्या बरोबरीने चालतात, तिसऱ्या डुबीत कंजूष होतात. ओशनिकच्या काही यंत्रांत दोन गणितं दिलेली असतात : तुलनेने उदार डीएसएटी, किंवा ब्यूलमानवर आधारलेलं पेलाजिक झेड प्लस. सावधपणा मला मान्यच आहे. पण तो किती आणि कुठे लावला हे वापरणाऱ्याला कळायला हवं, या मताचा मी आहे. त्यामुळे दोन सारख्या किमतीच्या यंत्रांत मी टक्के दाखवणारं यंत्र निवडेन.

'डीप स्टॉप' नावाच्या सोयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. खोलीवरच मध्ये एक थांबा घेतला की बुडबुडे लहान राहतील, या विचाराने ती अनेक यंत्रांत आली. अमेरिकी नौदलाने त्याची कसोटी घेतली आणि निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 52 मीटरवर 30 मिनिटं, वर येण्याचा एकूण वेळ सारखाच. खोल थांबे घेणाऱ्या 198 डुब्यांत 11 जणांना बेंड्स झाले, उथळ थांब्यांच्या 192 डुब्यांत 3 जणांना. खोल थांब्यावर जलद कप्पे रिकामे होतात, पण संथ कप्पे भरतच राहतात. हौशी डुबी याहून कितीतरी सौम्य असते, हे खरं. तरीही तुमच्या यंत्रात ही सोय बंद करता येत असेल तर बंद ठेवा. 5 मीटरवरचा 3 मिनिटांचा सेफ्टी स्टॉप मात्र कधीही टाळू नका, आणि वर येण्याचा वेग मिनिटाला 9-10 मीटरच्या आत ठेवा.

यंत्र उसनं घेताना किंवा देताना एक गोष्ट विसरली जाते. सकाळी ते ज्याच्या मनगटावर होतं, त्याचाच नायट्रोजन त्यात नोंदलेला असतो. दुपारी तुम्ही ते घातलंत तर पडद्यावरचा हिशेब दुसऱ्याचा असतो. जोडीदारांतही यंत्र एकच ठेवून भागत नाही, कारण तो तुमच्यापेक्षा तीन मीटर खाली असू शकतो. दोघांची यंत्रं वेगळी मिनिटं दाखवत असतील तर ज्याचं आधी संपेल त्याच्याबरोबर दोघांनी वर यायचं. याला अपवाद नाही.

आणि आपल्या किनाऱ्यापुरती एक सूचना. विमानासाठी सांगितलेली विश्रांती, म्हणजे एका डुबीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुब्यांनंतर 18 तास, बहुतेकांना पाठ असते. तारकर्लीहून संध्याकाळी निघून आंबोलीमार्गे कोल्हापूर-बेळगाव गाठणाऱ्यांना घाट आठवत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ 700 मीटर उंच आहे, आणि तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी. मालवणच्या उथळ पाण्यातल्या एका ओळखीच्या डुबीनंतर याने फारसं बिघडत नाही. पण दोन-तीन दिवस खोल डुब्या काढल्या असतील तर यंत्रावरचं विमानाचं चिन्ह मावळेपर्यंत किनाऱ्यावरच मुक्काम करा.

पुढच्या आठवड्यात नायट्रॉक्स : 32 टक्के ऑक्सिजन मिनिटं का वाढवतो आणि 33 मीटरच्या खाली तोच का घातक ठरतो.