घोडनदीच्या कांठची पांढर

जी पिकते ती काळी आणि जिच्यावर वस्ती होते ती पांढरी, हा भेद आपल्या खेडुताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं, इनामगांवाजवळ अशीच एक जुनी पांढर आहे. १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजचे सांकलिया, अन्सारी, ढवळीकर आणि त्यांचे सहकारी यांनीं ती उकरली, तेव्हां तिच्या पोटांतून ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० पर्यंत नांदलेलें शेतकऱ्यांचें गांव बाहेर आलें.

येथें आपल्या दख्खनच्या नद्यांची एक खोड ध्यानांत घेतली पाहिजे. नदी गाळ आणून टाकते, एवढेंच मुलें भूगोलाच्या तासाला घोकतात. परंतु आमच्या नद्यांनीं पूर्वीं टाकलेला गाळ पुढें स्वतःच कापून काढला. पात्र खोल गेलें आणि सुपीक माती उंच कांठावर राहिली. वस्ती पुरापासून बरीचशी निर्धास्त झाली खरी, पण पाणी डोळ्यांसमोर असून शेताला मिळेना! त्यांत हा प्रदेश पर्जन्यछायेचा.

यावर त्या लोकांनीं योजिलेला उपाय पाहून निदान मला तरी आदर वाटतो. पुराचें पाणी वळवून घेण्यासाठीं त्यांनीं मोठा चर खणला व कडेनें दगडमातीचा बांध घातला. हें एका कुटुंबाचें काम नव्हे. चर कोणीं खणावा, पाणी आधीं कोणाच्या शेतांत जावें, हें ठरविणारा कोणीतरी हवाच. उत्खननांत पांच खोल्यांचें एक घर आणि त्याला लागून धान्याचें कोठार सांपडलें. तें अशाच प्रमुखाचें असावें, असा संशोधकांचा तर्क आहे. जव हें मुख्य पीक. जोडीला मसूर, कुळीथ, वाटाणा.

ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटतें. ऐसपैस चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या येतात. शेती रोडावते, शेळ्यामेंढ्या वाढतात, रानटी जनावरांचीं हाडें अधिक सांपडूं लागतात. पाऊसमान घटलें, असें ढवळीकरांचें मत आहे. नदीला पूरच येईना, तर चर काय कामाचा?

याच सुमारास प्रवरेकांठचें दायमाबाद ओस पडलें. इनामगांवचे लोक मात्र आणखी तीनशें वर्षें तेथेंच राहिले. मृत बालकांना ते दोन मडकीं तोंडाला तोंड लावून घराच्या भुईखालीं पुरीत असत. गोल झोंपड्यांच्या त्या हलाखीच्या दिवसांतहि ती चाल त्यांनीं मोडली नाहीं.