घरपट्टीची नोटीस

हैदराबादेतील गौलीगुडा हा जुन्या घरांचा भाग. तेथील घरांवर महानगरपालिका 1955 च्या कायद्यान्वये कर बसविते. हा कर विक्रीच्या किमतीवर नसून, घर भाड्याने दिल्यास वर्षाकाठी काय यावे या अंदाजावर असतो. मालक स्वतः राहत असला तरी हिशेब तोच.

समजा, 600 चौरस फुटांस चौरस फुटी दरमहा 1 रुपया धरला. वर्षाचे भाडे 7,200 रुपये. दुरुस्तीपोटी दहावा भाग वजा जाता 6,480. मासिक भाडे 300 रुपयांहून अधिक म्हणून कर 30 टक्के, म्हणजे 1,944 रुपये. शिवाय 8 टक्के ग्रंथालय उपकर. (तो भरणाऱ्यांपैकी ग्रंथालयात किती जण जातात, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.) दुकानाचा हिशेब निराळा व जड, म्हणून राहत्या खोलीची नोंद दुकान अशी झाली, तर गृहस्थाचे कंबरडे मोडते.

तेव्हा नोटीस हाती पडताच आधी टेप घेऊन घर मोजावे. क्षेत्रफळ, वापर, शेजारच्या तशाच घराची आकारणी, हे पडताळावे. तफावत दिसल्यास आयुक्तांकडे मुदतीच्या आत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तोंडी गाऱ्हाण्यास कचेरीत किंमत नाही. तेथे दाद न लागल्यास लघुवाद न्यायालयात अपील चालते. मात्र मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. गरिबास ही अट जाचक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही तक्रार चालू आहे म्हणून भरणा थांबवू नये. थकबाकीवर दरमहा 2 टक्के व्याज चढते.